‘ॲक्स द टॅक्स’ म्हणजे नक्की काय? कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी

मिसिसागातल्या एखाद्या बेसमेंटमध्ये शनिवारचं पॉटलक चाललेलं असतं. कागदी ताटलीत साबुदाण्याची खिचडी, तिला खेटून कोणीतरी आणलेला पास्ता. सोफ्यावरचे काका ठसक्यात म्हणतात, "या लिबरल लोकांनी देश धुऊन खाल्ला." समोरून वहिनींचा लगेच सवाल: "मग तुमच्या नातवंडांचे दर महिन्याचे पैसे कोण देतंय?" तुम्हाला इथे येऊन आठ महिने झालेले. तुम्ही दोघांकडे बघून मान डोलावता, कारण दोघांचंही खरंच वाटतं.

मी २०१६ च्या जानेवारीत आलो तेव्हा माझीही हीच गत होती. नागरिक झाल्यावर दोनदा मतदान केलं, दोन्ही वेळा वेगवेगळ्या पक्षांना. तेव्हा पुढे जे लिहितोय ते कोणाचा प्रचार म्हणून वाचू नका. ‘ॲक्स द टॅक्स’सारख्या घोषणा देत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष लिबरल सरकारच्या कर आणि खर्चाच्या धोरणावर जी टीका करतो, ती ऐकायची कशी, तपासायची कशी आणि त्यातलं आपल्या खिशाशी काय निगडित आहे, एवढंच इथे आहे.

पायरी १: नावं आणि रंग नीट लावून घ्या

आपल्याकडे ‘लिबरल’ हा वादात फेकून मारायचा शब्द झालाय. इथे ते एका पक्षाचं नाव आहे. लिबरल पक्षाचा रंग लाल, म्हणून त्यांना कम्युनिस्ट समजू नका. कॉन्झर्व्हेटिव्ह निळे. जस्टिन ट्रुडो नोव्हेंबर २०१५ ते मार्च २०२५ पंतप्रधान होते, त्यांच्यानंतर मार्क कार्नी आले, तेही लिबरलच. आधीची जवळजवळ दहा वर्षं, २००६ ते २०१५, स्टीफन हार्पर यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार होतं. सप्टेंबर २०२२ पासून त्या पक्षाचे नेते आहेत पिएर पॉलिएव्ह, आणि आपण ज्या टीकेबद्दल बोलतोय तिला धारदार, चार शब्दांत बसणारं रूप त्यांनीच दिलं.

आता खरा घोळ. ऑन्टारियोत प्रांताचं सरकार डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं आहे, आणि केंद्रात लिबरल. म्हणजे एकाच पावतीवरचे दोन कर दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांकडे जातात. घराचा प्रॉपर्टी टॅक्स तिसऱ्याकडे, नगरपालिकेकडे. पॉटलकमध्ये जो करांबद्दल सर्वांत जास्त चिडलेला असतो तो बहुतेक वेळा प्रॉपर्टी टॅक्सवर चिडलेला असतो आणि शिव्या ऑटवाला, म्हणजे केंद्र सरकारला, घालत असतो. म्हणून कोणी ‘टॅक्स वाढवला’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या सरकारने?

पायरी २: पे-स्टब समोर ठेवा

भाषणं नंतर. आधी पगाराची पावती उघडा. त्यावर साधारण चार कपाती दिसतात: केंद्राचा आयकर, प्रांताचा आयकर (बहुतेक पावत्यांवर हे दोन एकत्रच असतात), बेरोजगारी विम्याचा ईआय आणि पेन्शनचा सीपीपी.

सीपीपीवर थांबा, कारण कॉन्झर्व्हेटिव्ह टीकेतला एक मोठा मुद्दा इथे आहे. २०१८ पर्यंत नोकरदाराचा वाटा पगाराच्या एका मर्यादेपर्यंत ४.९५ टक्के होता. लिबरल सरकारने प्रांतांशी करार करून तो २०१९ पासून टप्प्याटप्प्याने वाढवला आणि २०२३ मध्ये ५.९५ टक्के केला. २०२४ पासून वरच्या पगारावर दुसरा थर आला. आकड्यात सांगायचं तर एका नोकरदाराची वर्षाची जास्तीत जास्त कपात २०१८ मध्ये २,५९३.८० डॉलर होती, ती २०२४ मध्ये ३,८६७.५० झाली, वर दुसऱ्या थराचे १८८. तेवढेच पैसे मालकही भरतो. कॉन्झर्व्हेटिव्ह याला सरळ ‘पेरोल टॅक्स’ म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की हातात येणारा पगार कमी झाला आणि छोट्या दुकानदाराला एक माणूस ठेवणं महाग पडलं.

माझं मत विचाराल तर हा शब्द अर्धाच बरोबर आहे. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर तो कराइतकाच बोचतो. पण हे पैसे सरकारी तिजोरीत जात नाहीत, पेन्शनच्या वेगळ्या निधीत जातात आणि म्हातारपणी तुमच्याकडे परत येतात. तुम्ही उद्या साताऱ्याला परत गेलात तरी ते तुमचेच असतात. भारत आणि कॅनडा यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे, हेही लक्षात ठेवा. कंपनीने भारतातून तात्पुरतं पाठवलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

पायरी ३: कार्बन टॅक्सचा हिशेब स्वतः मांडून बघा

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण ‘ॲक्स द टॅक्स’, म्हणजे कराला कुऱ्हाड लावा, ही घोषणा या करासाठी, म्हणजे हवामानासाठी म्हणून इंधनावर लावलेल्या आकारासाठी होती. हा कर आता पेट्रोलच्या पावतीवर नाही. तरी समजून घ्या, कारण इथल्या राजकारणात गेली कित्येक वर्षं याच्याइतकं दुसऱ्या कशावर भांडण झालेलं नाही.

कायदा २०१८ चा. ज्या प्रांतांची स्वतःची मान्य योजना नव्हती तिथे, ऑन्टारियोसकट, एप्रिल २०१९ पासून इंधनावर आकार सुरू झाला. सुरुवात कार्बनच्या टनाला २० डॉलरने, मग दरवर्षी वाढ, एप्रिल २०२४ मध्ये ८० डॉलर, आणि २०३० पर्यंत १७० वर न्यायचं ठरलेलं. जमा रकमेतला सुमारे ९० टक्के भाग घरांना परत. हा परतावा २०२२ पासून दर तीन महिन्यांनी, १५ तारखेच्या सुमारास, थेट खात्यात यायचा. खात्यात त्याचं नाव इतकं अगम्य दिसायचं की पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कोणीतरी चुकून पैसे पाठवलेत, आणि दोन आठवडे मी त्यांना हात लावला नाही. पंपावर कर रोज दिसत होता आणि परतावा कोणालाच ओळखू येत नव्हता. लिबरल सरकार इथेच अर्धी लढाई हरलं, असं मला अजूनही वाटतं.

आता कागद-पेन घ्या. २०२४-२५ मध्ये पेट्रोलवर लिटरला १७.६ सेंट आकार होता. ५० लिटरच्या टाकीमागे ८.८० डॉलर. त्या आकारावर पुन्हा १३ टक्के एचएसटी, म्हणजे केंद्र आणि प्रांताचा एकत्र विक्रीकर, लागायचा. करावर कर, ही कॉन्झर्व्हेटिव्हांची तक्रार शब्दशः खरी होती. एचएसटी धरून टाकीमागे ९.९४. आठवड्याला एक टाकी म्हणजे वर्षाचे ५१७ डॉलर. घर गरम करायचा गॅस घनमीटरला १५.२५ सेंट, वर्षाला २,२०० घनमीटर जळतो असं धरा, एचएसटीसह ३७९. एकूण ८९६.

परतावा किती? ऑन्टारियोत नवरा-बायको आणि दोन मुलं अशा घराला तिमाहीला २८०, वर्षाला १,१२०.

म्हणजे एक गाडी असलेलं घर २२४ डॉलरने फायद्यात. दुसरी गाडी आणा, तीही आठवड्याला एक टाकी पिणारी, की तेच घर २९३ डॉलरने तोट्यात. टीटीसीने, म्हणजे टोरोंटोच्या बस-मेट्रोने, फिरणारं, काँडोत राहणारं जोडपं निव्वळ फायद्यात. ब्रॅम्प्टनहून दोघं दोन दिशांना कामाला जाणारे खड्ड्यात. पॉटलकमधले काका आणि वहिनी दोघंही का खरं बोलत होते, ते इथे कळतं. काकांच्या ड्राइव्हवेत तीन गाड्या उभ्या असतात.

हा झाला थेट खर्च. यापुढे वाद जरा बारीक होतो. ट्रकने येणारा भाजीपाला, शेतातलं धान्य वाळवायचा गॅस, यांच्यावरचा बोजा शेवटी किराण्यात येतो हे कॉन्झर्व्हेटिव्ह सांगत. संसदेचा स्वतंत्र अर्थसंकल्प अधिकारी, ज्याला सगळे पीबीओ म्हणतात, त्याने दोन वेगळे हिशेब केले होते. पहिल्यात फक्त भरलेला कर आणि मिळालेला परतावा. त्यात बहुतेक घरं फायद्यात. दुसऱ्यात अर्थव्यवस्था मंदावल्याने पगार आणि गुंतवणुकीवर होणारा परिणामही धरला होता. त्यात सरासरी घर तोट्यात. लिबरल पहिला हिशेब फडकवायचे, कॉन्झर्व्हेटिव्ह दुसरा, आणि दोघंही एकाच कार्यालयाचं नाव घ्यायचे. मग २०२४ मध्ये पीबीओनेच कबूल केलं की दुसऱ्या हिशेबात कारखान्यांवरचा कार्बन आकार चुकून मिसळला गेला होता. सुधारलेले आकडे ऑक्टोबरमध्ये आले. तोटा कमी दिसला. तेव्हा कोणी ‘पीबीओने सांगितलंय’ म्हणाला की विचारा: कोणता हिशेब, आणि दुरुस्तीच्या आधीचा की नंतरचा?

कॉन्झर्व्हेटिव्हांना सर्वांत मोठी संधी मात्र लिबरलांनी स्वतःच दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रुडोंनी घर गरम करायच्या तेलावरचा आकार तीन वर्षांसाठी थांबवला. हे तेल जास्त वापरलं जातं ते अटलांटिक प्रांतांत, जिथे लिबरल खासदारांची संख्या मोठी. आल्बर्टा-सस्कॅचवानमधली घरं गॅसवर, त्यांना सूट नाही. सस्कॅचवानने जानेवारी २०२४ पासून घरगुती गॅसवर हा आकार गोळा करणंच बंद केलं. ‘हा कर हवामानासाठी आहे’ हे म्हणणं त्यानंतर कोणाला पटवणं कठीण होतं. माझ्या मते कॉन्झर्व्हेटिव्ह टीकेतला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, कारण त्याला अर्थशास्त्राचं गणितच लागत नाही.

उलट बाजूचा किस्साही ऐका. फोर्ड सरकारने २०१९ मध्ये ऑन्टारियोच्या प्रत्येक पंपावर कार्बन टॅक्सविरोधी निळे स्टिकर लावायची सक्ती केली. गोंद इतका भिकार की पंपावरून ते आपोआप सोलून पडायला लागले. पुढच्या वर्षी कोर्टाने ती सक्ती रद्द केली: पंपमालकाच्या तोंडी सरकारची वाक्यं घालता येणार नाहीत. आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कार्बनचा कायदा वैध ठरवताना बहुमताने म्हटलं की घटनेच्या अर्थाने हा कर नव्हेच, हा नियमनाचा आकार आहे. म्हणजे ज्याला कुऱ्हाड लावायची तो कायद्याने टॅक्सच नव्हता! पंपावर उभ्या माणसाला यातून काय दिलासा मिळणार, ते सोडा.

शेवटी काय झालं? मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान झाल्या झाल्या कार्नींनी ग्राहकांवरचा आकार १ एप्रिलपासून शून्य केला. शेवटचा परतावा एप्रिलमध्येच आला. मोठ्या कारखान्यांवरचा कार्बन आकार मात्र कायम आहे, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह आता म्हणतात की तोही काढा.

पायरी ४: तूट आणि कर्ज, वर्ष विचारल्याशिवाय आकडा घेऊ नका

अंथरूण पाहून पाय पसरावेत, या संस्कारात वाढलेल्या माणसाला कॉन्झर्व्हेटिव्ह टीकेचा हा भाग लगेच पटतो. २०१५ च्या प्रचारात ट्रुडोंनी सांगितलं होतं की काही वर्षं १० अब्ज डॉलरच्या आतली छोटी तूट करू आणि २०१९ मध्ये अर्थसंकल्प समतोल करू. तो समतोल आला नाही, कोविडच्या आधीही नाही. २०२०-२१ ची तूट ३२७.७ अब्ज. केंद्राचं साचलेलं कर्ज २०१५ च्या मार्चमध्ये सुमारे ६१२ अब्ज होतं, ते २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे १,२३६ अब्ज. आपल्या भाषेत, लाख कोटी डॉलरच्या वर. ‘ट्रुडोंनी कर्ज दुप्पट केलं’ हे वाक्य म्हणजे हेच दोन आकडे.

व्याजाचा मुद्दा याहून झोंबणारा. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्या वर्षाचं व्याज ५४.१ अब्ज धरलं होतं. प्रांतांना आरोग्यासाठी द्यायची रक्कम ५२.१ अब्ज. फॅमिली डॉक्टर मिळावा म्हणून यादीत नाव घालून वाट बघणाऱ्या नवख्या माणसाला हे ऐकून राग येणं साहजिक आहे.

लिबरलांचं उत्तर: कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत बघा, जी-७ देशांत आमचं निव्वळ कर्ज सर्वांत कमी. त्यावर फ्रेझर इन्स्टिट्यूटसारख्या उजव्या संस्थांचा प्रतिवाद: ‘निव्वळ’ काढताना तुम्ही सीपीपीचा निधीही मालमत्ता म्हणून वजा करता, आणि तो तर लोकांच्या पेन्शनचा आहे. हा प्रतिवाद वजनदार आहे. पण कोविडच्या वर्षात कॉन्झर्व्हेटिव्हांनीही मदतीच्या बहुतेक विधेयकांना पाठिंबा दिला होता, हे ते आता फारसं सांगत नाहीत. हार्पर सरकारनेही मंदीनंतर २००९-१० मध्ये ५५.६ अब्जांची तूट केली होती. आणि एप्रिल २०२५ च्या कॉन्झर्व्हेटिव्ह जाहीरनाम्यातसुद्धा चार वर्षांत तूट संपत नव्हती.

महागाईचं खापरही याच तुटीवर फोडलं जातं. जून २०२२ मध्ये महागाई ८.१ टक्क्यांवर गेली, मग बँक ऑफ कॅनडाने व्याजदर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला, आणि ज्यांनी बदलत्या दराने मॉर्गेज घेतलं होतं त्यांची झोप उडाली. सरकारी खर्चाने त्यात तेल ओतलं हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याच काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही महागाई भडकली होती, तिथे ट्रुडो नव्हते.

१६ डिसेंबर २०२४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला, तोही ज्या दिवशी आर्थिक निवेदन मांडायचं त्याच दिवशी सकाळी. २०२३-२४ ची तूट ४०.१ अब्जांच्या आत ठेवायचं ठरलं होतं, ती निघाली ६१.९. दोनच दिवसांपूर्वी दोन महिन्यांची जीएसटी-माफी सुरू झाली होती, खेळणी आणि रेस्टॉरंटच्या बिलावर सूट. फ्रीलंड यांनी पत्रात अशा महागड्या राजकीय क्लृप्त्या परवडणार नाहीत असं म्हटलं. विरोधक वर्षभर जे बोलत होते ते त्या दिवशी सरकारच्या अर्थमंत्रीच बोलल्या. कार्नींच्या नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या अर्थसंकल्पात तूट आणखी वर, ७८.३ अब्ज. त्यामुळे हे भांडण मिटलेलं नाही.

पायरी ५: पुण्यातला फ्लॅट आणि कॅपिटल गेन्स

इथे राजकारण बाजूला ठेवून आधी एक काम करा. तुम्ही ज्या दिवशी कॅनडाचे रहिवासी झालात त्या दिवशीचं भारतातल्या फ्लॅटचं, प्लॉटचं, शेअर्सचं बाजारमूल्य लिहून ठेवा. फ्लॅटचं शक्य असेल तर नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून. कॅनडाचा कर तुम्ही इथे आल्यानंतर झालेल्या वाढीवरच मोजला जातो. २००५ मध्ये कोथरूडला घेतलेल्या फ्लॅटची सगळी वाढ इथे दाखवायची नसते. दहा वर्षांनी विकताना हा कागद शोधत बसण्यापेक्षा आत्ताच फाइलला लावा. तसंच, परदेशातली अशी मालमत्ता रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारमूल्याने (नंतर घेतली असेल तर खरेदीच्या किमतीने) एक लाख डॉलरच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून टी११३५ हा फॉर्म भरावा लागतो. निव्वळ स्वतःच्या राहण्या-वापरण्याची जागा त्यात येत नाही, भाड्याने दिलेली येते.

आता टीका. कॅपिटल गेन्सचा, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्याचा, निम्मा भाग करपात्र, हा इथला नियम. एप्रिल २०२४ च्या अर्थसंकल्पात लिबरलांनी तो दोन-तृतीयांश करायचं ठरवलं: व्यक्तीला वर्षात अडीच लाख डॉलरच्या वरच्या नफ्यावर, कंपन्यांना पहिल्या डॉलरपासून. लागू होणार २५ जून २०२४ पासून. सरकारचा दावा होता की यात फक्त ०.१३ टक्के लोक येतात. कॉन्झर्व्हेटिव्हांचा मुद्दा असा की दरवर्षी वेगळी माणसं येतात: कोणी आयुष्यात एकदाच तळ्याकाठचं कॉटेज विकतो, कोणी शेत, कोणी तीस वर्षं चालवलेला दवाखाना. आपल्यातले कंपनी काढून प्रॅक्टिस करणारे डॉक्टर तेव्हा चांगलेच हबकले होते.

पुढचा प्रकार तर आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीला शोभावा असा. कायदा संसदेत मंजूर झालाच नाही, पण महसूल खातं नव्या दराने तयारी करत राहिलं. लोकांनी घाईघाईने जूनच्या आत मालमत्ता विकल्या, कर भरले. जानेवारी २०२५ च्या शेवटी तो पुढे ढकलला, आणि २१ मार्चला कार्नींनी रद्दच केला.

पण ‘कॅपिटल गेन्सवर कर लावणं हे लिबरल पाप आहे’ असं कोणी म्हणालं तर त्यांना हळूच आठवण करून द्या: हा भाग दोन-तृतीयांश आणि मग ७५ टक्क्यांपर्यंत नेला तो ब्रायन मल्रोनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, आणि २००० मध्ये निम्म्यावर आणला लिबरलांनी. जीएसटीही मल्रोनींनीच १९९१ मध्ये आणला, सात टक्क्यांनी. १९९३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या दोन जागा उरल्या. जीएसटी काढून टाकू म्हणणारे लिबरल निवडून आले आणि त्यांनी तो ठेवून दिला. सातचा पाच केला हार्पर यांनी. दोन्ही पक्षांची कुंडली अशी उलटसुलट आहे.

पायरी ६: टीएफएसए आणि मुलांचे पैसे

टीएफएसए म्हणजे करमुक्त बचत खातं. हार्पर सरकारने २०१५ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा १०,००० केली, लिबरलांनी पुढच्याच वर्षी ५,५०० वर आणली. श्रीमंतांनाच फायदा होतो हे लिबरलांचं कारण, आणि काटकसर करणाऱ्या सामान्य माणसाला शिक्षा हे कॉन्झर्व्हेटिव्हांचं उत्तर. यात मी कॉन्झर्व्हेटिव्हांच्या बाजूचा आहे, लपवत नाही.

पण माझं नुकसान झालं ते या वादामुळे नाही. पहिल्याच वर्षी बँकेतल्या माणसाने मला सांगितलं की तुमची मर्यादा ४६,५०० आहे. ती २००९ पासून इथे असणाऱ्याची होती. नवख्याची मर्यादा तो रहिवासी झाला त्या वर्षापासूनच सुरू होते. मी २०,००० टाकले, हक्क ५,५०० चा. जादा १४,५०० वर महिन्याला एक टक्का दंड, म्हणजे १४५ डॉलर. सात महिन्यांनी कळलं. हजार डॉलर गेले, आणि त्या माणसाची तोवर दुसऱ्या शाखेत बदली झाली होती. तेव्हा मर्यादा बँकेला विचारू नका, महसूल खात्याच्या ‘माय अकाउंट’मध्ये बघा आणि तिथला आकडाही स्वतःच्या नोंदींशी ताडून घ्या.

मुलांच्या भत्त्यात, सीसीबीमध्ये, लिबरलांची बाजू वरचढ आहे. हार्पर यांच्या शेवटच्या वर्षी, २०१५ मध्ये, सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला महिना १६० डॉलर मिळायचे, आई-बाप लखपती असले तरी, आणि त्यावर करही लागायचा. जुलै २०१६ मध्ये ते बंद होऊन उत्पन्नानुसार करमुक्त भत्ता सुरू झाला. २०२४-२५ मध्ये लहान मुलामागे वर्षाला ७,७८७ डॉलरपर्यंत. याबरोबर खेळाच्या, कलेच्या फीवरच्या करसवलती आणि जोडप्यांची उत्पन्न-वाटणीची सोय गेली. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात मध्यमवर्गाला एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. चांगला पगार असलेल्या, एकाच कमावत्या घराच्या बाबतीत ते खरं ठरू शकतं. नव्याने आलेल्या, पहिल्या नोकरीवरच्या घराला मात्र सीसीबीचा आधार मोठा असतो. पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, असाल तर आल्यावर लगेच अर्ज करा, वर्क परमिटवर असाल तर १८ महिने राहिल्यानंतर. आणि नवरा-बायको दोघांनीही ३० एप्रिलच्या आत रिटर्न भरा, एकाचं उत्पन्न शून्य असलं तरी. नाहीतर भत्ता बंद होतो आणि पॉटलकमध्ये तुम्ही सरकारला दोष देत बसता.

पायरी ७: निकालाकडे बघून टीका मोजू नका

२८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत लिबरल १६९, कॉन्झर्व्हेटिव्ह १४४. पॉलिएव्ह स्वतःच्या जागेवरही हरले आणि ऑगस्टमध्ये आल्बर्टातून पोटनिवडणुकीने परतले. पण नीट बघा: ग्राहकांवरचा कार्बन आकार गेला, कॅपिटल गेन्सची वाढ गेली, आणि १ जुलै २०२५ पासून आयकराचा सर्वांत खालचा दर १५ चा १४ टक्के झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह तो १२.७५ करू म्हणत होते. पक्ष हरला, त्याच्या निम्म्या मागण्या मात्र सरकारने उचलल्या. कुरकुर उरते ती खर्चावर.

पायरी ८: तुमचं म्हणणं पोहोचवा

मत द्यायला नागरिकत्व लागतं, आणि त्यासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. पक्षाचं सभासद व्हायला ते लागत नाही. पीआर असलेला माणूस दोन्ही मोठ्या पक्षांत नोंदणी करून नेता निवडायच्या मतदानात भाग घेऊ शकतो. आपले लोक हे फार उशिरा शोधून काढतात.

खासदाराच्या स्थानिक कार्यालयात जायला तर काहीच लागत नाही. महसूल खात्यात अडकलेलं सीसीबीचं प्रकरण हलवायला तिथले कर्मचारी मदत करतात, तुम्ही कोणत्या पक्षाचे आहात ते विचारत नाहीत. कर जास्त वाटतोय किंवा कमी वाटतोय, जे असेल ते पत्रात लिहा, सोबत पे-स्टबचा हिशेब जोडा. पाकिटावर खासदाराचं नाव, खाली ‘हाऊस ऑफ कॉमन्स, ऑटवा, के१ए ०ए६’. तिकीट लावायचं नाही, त्या पत्त्याला टपाल फुकट जातं.